खालच्या पायरीची गोष्ट

दिवाळीच्या सुट्टीत लातूरहून नात आली होती. जेवता जेवता तिने विचारले, "आज्जी, तुला स्क्वॉश माहितीये का?"

मी म्हटले, "न माहीत असायला काय झालं? उन्हाळ्यात तुझ्या आईला लिंबाचं स्क्वॉश मीच तर करून द्यायचे."

पोरगी हसून हसून लोळली. मग तिने मोबाईलवर दाखवले. मुंबईच्या बॉम्बे जिमखान्यात काचेच्या भिंतींचे एक कोर्ट, आणि आत दोन मुली भिंतीवर चेंडू हाणताहेत. ती मार्च २०२५ मधली इंडियन ओपन स्क्वॉश स्पर्धा होती. महिलांचे विजेतेपद अनाहत सिंगने मिळवले, वय अवघे सतरा. हा खेळ २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच येणार आहे आणि तो निर्णयसुद्धा मुंबईतच, ऑक्टोबर २०२३ मध्ये ऑलिंपिक समितीच्या बैठकीत झाला. हे सगळे मला नातीकडून कळले. चौतीस वर्षे मुलांना शिकवले, आता मुले मला शिकवतात. चांगले आहे.

शेवटी ती म्हणाली, "स्क्वॉश काय, टेनिस काय, सगळं मुंबई-पुण्यातच होतं. आपल्याकडे काय होतं?"

मला उत्तर सुचले नाही. तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळतो आहे, म्हणून आज लिहायला बसले.

आमची नात टेनिस खेळते. आता नववीत आहे. चौदा वर्षांखालच्या मुलींच्या रँकिंगच्या स्पर्धा असतात, त्यासाठी कधी सोलापूर, कधी पुणे, कधी संभाजीनगर अशा वाऱ्या चालतात. रात्रीची बस पकडायची, पहाटे स्टँडवर उतरायचे, लॉजमध्ये तोंड धुवायचे आणि आठ वाजता मैदानावर हजर व्हायचे. गेल्या खेपेला सोलापुरात पहिल्याच फेरीत चाळीस मिनिटांत हरली. दुपारच्या बसने मायलेकी परत. माझ्या लेकीने हिशेब सांगितला नाही आणि मीही विचारला नाही.

पुढच्या वर्षी दहावी. जावईबापूंचे म्हणणे, आता टेनिस पुरे. लातूरमध्ये राहून दहावीच्या वर्षी मैदानावर जाणे म्हणजे लग्नाच्या मांडवात पुस्तक वाचत बसण्यासारखे आहे! घरात वाद झाला आणि निवाडा माझ्याकडे आला. "आई, तुम्ही शिक्षिका होतात, तुम्हीच सांगा." माझा निवाडा शेवटी सांगते. आधी थोडे टेनिसबद्दल, कारण या निमित्ताने मी बरेच वाचले आणि त्यातले काही आपल्या मराठवाड्याच्या अगदी जवळचे निघाले.

आम्हा नांदेडकरांना हैदराबाद परके नाही. १९५६ पर्यंत आपण त्याच राज्यात होतो. आजही दवाखाना, लग्नाचा बस्ता, नोकरी यासाठी आपली माणसे तिकडे जातात. त्या हैदराबादला २००३ साली महिलांची आंतरराष्ट्रीय टेनिस स्पर्धा सुरू झाली. जगाच्या मानाने लहानशीच. पहिल्या वर्षी यजमानांच्या हातातल्या खास प्रवेशिकेवर, ज्याला वाइल्ड कार्ड म्हणतात, गावातल्याच एका सोळा वर्षांच्या मुलीला खेळवले. ती पहिल्याच फेरीत हरली. दुसऱ्या वर्षी एकेरीत पुन्हा पहिल्याच फेरीत हरली, पण दुहेरीत लीझेल ह्यूबरबरोबर जिंकली. तिसऱ्या वर्षी, फेब्रुवारी २००५ मध्ये, तिने एकेरीची अंतिम फेरी जिंकली. डब्ल्यूटीए एकेरीचे विजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. सानिया मिर्झा.

हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण माझ्या मनात राहिले ते दुसरेच. ती तीन वर्षे ओळीने त्याच गावात, त्याच स्पर्धेत खेळली. पहिल्या वर्षी हरली म्हणून कोणी स्पर्धा उचलून नेली नाही. हरण्यासाठीसुद्धा एक हक्काची जागा लागते, आणि ती घराजवळ असेल तर हरणे परवडते. वर्गात पहिल्याच चाचणीत नापास झालेल्या पोराला दुसरी चाचणी मिळाली नाही तर ते कधी पास होणार?

पण त्या स्पर्धेचे पुढे काय झाले? २००६ पासून ती हैदराबादला नाही, बंगळूरला गेली. तिथे ती मोठी झाली, २००८ साली सेरेना विल्यम्स येऊन जिंकून गेली, आणि मग तीही बंद. त्यानंतर त्या दर्जाची महिलांची स्पर्धा भारतात परत दिसायला २०२२ साल उजाडले, चेन्नईला. मध्ये चौदा वर्षे गेली. चौदा वर्षांत एक मुलगी पहिलीतून पदवीपर्यंत जाते.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. महिलांच्या व्यावसायिक टेनिसची एक उतरंड आहे. सर्वांत खाली पंधरा हजार डॉलरच्या स्पर्धा, त्यावर ३५, ५०, ७५ आणि १०० या दर्जांच्या. (ही रक्कम एकट्या विजेतीला मिळत नाही बरे, सगळ्या खेळाडूंत वाटली जाते. मला आधी तसे वाटले होते.) त्याच्या वर डब्ल्यूटीए १२५ नावाचा दर्जा, मग २५०, ५००, १००० आणि सर्वांत वर चार ग्रँड स्लॅम. यातला १२५ चा दर्जा २०१२ साली नव्याने सुरू झाला. पहिल्या वर्षी जगात अशा दोनच स्पर्धा झाल्या, एक तैपेईला आणि दुसरी आपल्या पुण्याला! पुण्याला जिंकली युक्रेनची अठरा वर्षांची एलिना स्वितोलिना. पुढे तिने विम्बल्डनची उपांत्य फेरी दोनदा गाठली, टोकियो ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक घेतले. पण पुण्याची ती स्पर्धा एकाच वर्षात आटोपली.

मग पाच वर्षांनी, नोव्हेंबर २०१७ मध्ये, मुंबई ओपन आली. क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टवर, ब्रेबॉर्न स्टेडियमच्या आवारात. पहिल्या वर्षीची विजेती कोण? बेलारूसची एकोणीस वर्षांची अरिना सबालेंका. तेव्हा तिचे नाव फारसे कोणाला माहीत नव्हते. पुढे तीच ऑस्ट्रेलियन ओपन आणि यूएस ओपन दोन-दोनदा जिंकली आणि जगात पहिल्या क्रमांकावर गेली. २०१८ मध्ये थायलंडची लुकसिका कुमखुम जिंकली. नंतर स्पर्धा गायब! थेट फेब्रुवारी २०२४ मध्ये परत भरली. त्या वर्षी भारताच्या सहजा यमलापल्लीने पहिल्याच फेरीत अग्रमानांकित अमेरिकन केला डेला हरवले. २०२५ मध्ये कोइमतूरची पंधरा वर्षांची माया राजेश्वरन पात्रता फेरीतून आली आणि उपांत्य फेरीपर्यंत गेली. तिथे तिला हरवणारी स्वित्झर्लंडची जिल टायखमन पुढे विजेती झाली.

वर्तमानपत्रे लिहितात, स्पर्धा वाढली. बक्षीस, पाहुणे, टीव्हीवरचे प्रक्षेपण, सगळे वाढले असेल. मला मात्र वाढ या शब्दाचा अर्थ वेगळा लावावासा वाटतो. झाड वाढते म्हणजे एका पावसाळ्यात उंच जाते असे नाही, तर पुढच्या पावसाळ्यातही त्याच जागी उभे असते. पुणे एक वर्ष, हैदराबाद तीन वर्षे, मुंबई दोन वर्षे आणि मग पाच वर्षांचा खंड. प्रायोजक आला की मांडव, प्रायोजक गेला की मांडव मोडला.

आपल्या नांदेडला गुरु गोविंदसिंगजींच्या नावाने अखिल भारतीय हॉकी स्पर्धा होते. कितीतरी दशके. मी हॉकीतले काही जाणत नाही, पण थंडी पडली की त्या सामन्यांची चर्चा कानावर येते. ती स्पर्धा कोणा एका कंपनीची नाही, गावाची आहे. म्हणून ती टिकली. मुलींसाठी असे गावाचे काही आहे का? निदान टेनिसमध्ये तरी मला दिसत नाही.

टेनिसमध्ये दरवर्षी स्पर्धा भरण्याला आणखी एक कारण आहे, ते नातीने समजावले. आपल्या दहावीचे गुण जन्मभर कागदावर राहतात. टेनिसचे गुण बावन्न आठवड्यांनी पुसले जातात. गेल्या वर्षी या आठवड्यात जे कमावले ते या वर्षी या आठवड्यात गेले. पुन्हा खेळा, पुन्हा कमवा. जवळची स्पर्धा बंद पडली तर मुलीला ते गुण मिळवायला थायलंड नाही तर ट्युनिशिया गाठावे लागते. ज्यांच्या घरी ते परवडते त्या जातात. बाकीच्यांचे नाव यादीतून हळूहळू खाली सरकते आणि एक दिवस दिसेनासे होते. कोणी त्यांना काढून टाकत नाही, त्या आपोआप गळतात. शाळेतली गळती मी आयुष्यभर पाहिली. हजेरीपटावर नाव असते, बाकावर मुलगी नसते. तसेच हे.

म्हणून मुंबईच्या वरच्या पायरीपेक्षा मला खालच्या पायऱ्यांची काळजी जास्त वाटते. त्या अगदीच नाहीत असे नाही. डिसेंबर २०२३ मध्ये सोलापुरात महिलांची पंचवीस हजार डॉलरची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. तेव्हाच्या औरंगाबादलाही मागच्या दशकात दहा हजार डॉलरच्या स्पर्धा होऊन गेल्या. आणि सोलापूर जिल्ह्याला याचा अर्थ कळतो, कारण प्रार्थना ठोंबरे बार्शीची. बार्शी म्हणजे आम्हा लातूरच्या बाजूच्या लोकांचे शेजारचे घर. बार्शी लाइट रेल्वेच्या त्या छोट्या गाडीने आम्ही लहानपणी लातूरहून बार्शीला मामाकडे जायचो, डब्यात कोळशाचे कण उडून डोळ्यांत जायचे. त्या बार्शीची मुलगी पुढे हैदराबादला जाऊन सानियाच्या अकादमीत शिकली, २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत सानियाबरोबर दुहेरीत कांस्यपदक घेऊन आली आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला खेळली. बघा, हैदराबादला २००३ साली लावलेले रोप बार्शीपर्यंत पोचले. श्रीरामपूरची ऋतुजा भोसले २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचे सुवर्ण घेऊन आली. बार्शी, श्रीरामपूर. मग लातूर, नांदेड का नाही?

इथे आमचे एक स्नेही म्हणतात, "बाई, मराठवाड्यात प्यायला पाणी नाही आणि तुम्हाला टेनिस सुचतंय?" त्यांचे म्हणणे मी उडवून लावत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले, ते दिवस माझ्या लेकीने घागरी मोजत काढले आहेत. त्याच उन्हाळ्यात उच्च न्यायालयाने आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला लावले, आणि मला ते योग्यच वाटले होते. पण टेनिसचे सिमेंटचे कोर्ट पाणी पीत नाही. आणि दुष्काळाचे कारण नेहमी मुलींच्याच वाट्याला का येते, हाही प्रश्न आहेच. दुष्काळात मुलांची क्रिकेट टुर्नामेंट बंद झालेली मी एकदाही पाहिली नाही.

दुसरे म्हणतात, टेनिस श्रीमंतांचा खेळ, आपला खो-खो का नको? अहो, जरूर हवा! धाराशिवच्या सारिका काळेने २०१६ मध्ये दक्षिण आशियाई स्पर्धेत भारतीय संघाचे नेतृत्व करून सुवर्ण आणले, पुढे अर्जुन पुरस्कार घेतला. जानेवारी २०२५ मध्ये प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली आपल्या मुलींनी खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकला. पण पैसे देणारी खो-खो लीग २०२२ मध्ये सुरू झाली ती पुरुषांची. टेनिसमध्ये निदान बायकांची म्हणून एक पूर्ण उतरंड आहे, आणि तिच्यात खालून वर चढायला कोणा निवड समितीची ओळख लागत नाही. जिंकलात की वर. मला शिक्षिका म्हणून हे आवडते. पेपर सगळ्यांना एकच.

आता एक गोष्ट सांगते, जी आजवर घरातही कोणाला सांगितली नव्हती.

मी एका खेड्यातल्या शाळेत होते तेव्हा नववीत एक मुलगी होती. खो-खोत अशी सूर मारायची की पाहणाऱ्याचा श्वास थांबावा. जिल्ह्याच्या संघात निवड झाली. तिची आई शाळेत आली आणि मला म्हणाली, "बाई, तुमी म्हनाल तसं." मी म्हटले, "दहावीचं वर्ष येतंय. आता मैदान पुरे करा." मुलगी माझ्याकडे बघत उभी होती, एक शब्द बोलली नाही. तिला दहावीत पंचावन्न टक्के मिळाले आणि त्याच उन्हाळ्यात तिचे लग्न झाले. मैदान सुटले म्हणून अभ्यास वाढला नाही. मैदान सुटल्यावर तिच्या घरच्यांकडे तिला थांबवून ठेवायचे कारणच उरले नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले.

दोन वर्षांपूर्वी लातूरच्या स्टँडवर तिने मला ओळखले. पाया पडली. आता तिच्या सुनेला बाळ झाले आहे. मी धीर करून तो विषय काढला. म्हटले, "माझं चुकलं गं तेव्हा." ती हसली. म्हणाली, "जाऊ द्या बाई. तुमी हो म्हनला असता तरी जायाचं कुठं होतं? एक निवड झाली, पुढं काय होतं?"

तिने मला माफ केले की खरेच सांगितले, ठाऊक नाही. पण तिचे वाक्य बरोबर आहे. पुढे काय होते? आईबाप मुलीला खेळातून काढतात ते दरवेळी दुष्टपणाने नाही. पुढची पायरी डोळ्यांना दिसत नाही म्हणून काढतात. डॉक्टर-इंजिनीअरची पायरी दिसते. लातूर पॅटर्नने ती दाखवली आणि दरवर्षी दाखवली, म्हणून शेतकऱ्याने जमीन गहाण टाकूनही पोरांना शिकवले. तो विश्वास शिकवणीच्या जाहिरातींनी तयार झाला नाही. शेजारच्या घरातला पोरगा डॉक्टर झालेला डोळ्यांनी दिसला, म्हणून झाला. मुलींच्या खेळाचेही तसेच व्हायला हवे. शेजारच्या गल्लीत परदेशातल्या मुली रॅकेट घेऊन आलेल्या दिसल्या, त्यांच्यासमोर आपल्यातली एक वाइल्ड कार्डावर उभी राहिली, हरली, पुढच्या वर्षी पुन्हा उभी राहिली, तर चार आईबाप थांबून विचार करतील.

माझी मागणी छोटी आहे. नांदेड आणि लातूर, दोन्ही जिल्ह्यांनी मिळून दरवर्षी ठरलेल्या आठवड्यात महिलांची एक पंधरा हजार डॉलरची स्पर्धा भरवावी. एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे. बक्षिसाची रक्कम आजच्या भावाने तेरा लाखांच्या आसपास होते. पंच, राहण्याची सोय, चेंडू, डॉक्टर हा खर्च वेगळा. रक्कम लहान नाही. पण आपल्याकडे दहीहंडीला आणि वाढदिवसाच्या फलकांना काय लागते ते आपण सगळे चौकाचौकांत पाहतोच. आणि एवढे लगेच जमणार नसेल तर चौदा आणि सोळा वर्षांखालच्या मुलींची रँकिंगची स्पर्धा तरी दरवर्षी इथे व्हावी. तीही पायरीच आहे, आणि ती परवडणारी आहे. अट एकच. एकदा सुरू केली की दहा वर्षे थांबवायची नाही. एकदा मोठी करून बंद करण्यापेक्षा लहानच राहू द्या, पण राहू द्या.

आता निवाडा. मी जावयांना फोनवर सांगितले, "जावईबापू, दहावीचा अभ्यास मी स्वतः घेईन. मराठी, इतिहास, भूगोल माझ्याकडे. गणिताला शिकवणी लावा. पण टेनिस बंद करू नका. कमी करा, रोजच्या दोन तासांचा एक तास करा, पण बंद नको. ती सानिया होणार नाही, बहुतेक प्रार्थनाही होणार नाही. पण कुठं थांबायचं ते तिलाच ठरवू द्या." पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग म्हणाले, "बघू आई." आमच्या घरात 'बघू' म्हणजे नकार नसतो, एवढे मला ठाऊक आहे.

पुढच्या खेपेला सोलापूरच्या वारीला मीही जाणार आहे. गुडघे कुरकुर करतात, पण बसमध्ये बसायला काय लागते! नातीला म्हटले, हरलीस तर दुपारच्या बसने परत यायचे नाही. संध्याकाळपर्यंत थांबायचे आणि जिंकणाऱ्या मुली कशा खेळतात ते बघायचे. ती म्हणाली, "आज्जी, आणि जिंकले तर?" आता बघा, तो विचार माझ्या मनात आलाच नव्हता!

असो. फार लांबले. नांदेड-लातूरकडची आपली नातेवाईक मंडळी हे वाचत असतीलच. तुमच्यापैकी कोणाची क्रीडा संघटनेत ओळख असेल, किंवा अशी स्पर्धा भरवण्याचा कोणाला अनुभव असेल, तर जरूर कळवा. आणि माझे म्हणणे पटले नाही तरी कळवा. वादाला मी अजून भीत नाही.